यंदा जागा निघेल

पावसाचा रेड अलर्ट येतो, जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात आणि माझ्या टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या, ग्रुपवर नाचणारी चित्रं सुरू होतात. मी मनात हिशोब मांडत असते. बुधवारचे दोन तास गेले. मागच्या आठवड्यात युवा महोत्सवाने तीन खाल्ले होते. पुढे दिवाळी, मग परीक्षा, मग गॅदरिंग. मधे एखादी निवडणूक लागली की कॉलेजच्या खोल्या मतदान केंद्राला जातात. सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासाच्या हिशोबाने, शिकवणाऱ्या माणसाचं कॅलेंडर असं लाल रंगाने भरलेलं असतं, आणि त्या लाल रंगाचा आनंद त्याच्या वाट्याला येत नाही. तास झाला तर पैसे. तास झाला नाही तर नाही, मग कारण पावसाचं असो की राष्ट्रपित्याच्या जयंतीचं.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा रिकामी असते, ती भरायला शासनाची परवानगी नसते, पण मुलं तर वर्गात येऊन बसलेली असतात. मग त्या जागेचा कार्यभार दोघांत वाटून तासिका तत्त्वावर माणसं घेतात. पात्रता कायम प्राध्यापकाचीच लागते, म्हणजे नेट, सेट किंवा पीएचडी. जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता हे सगळं रीतसर होतं आणि दरवर्षी नव्याने होतं. मुलाखती जुलैत झाल्या तर नशीब, नाहीतर ऑगस्ट-सप्टेंबर. मार्च-एप्रिलमध्ये तास संपले की आपणही संपलो. तासाचा दर साठ मिनिटांचा ठरवलेला असतो आणि आमचा तास असतो अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणून कागदावरच्या रकमेतले ऐंशी टक्केच हातात येतात. उरलेली बारा मिनिटं आम्ही जिन्यात मुलांच्या शंका सोडवण्यात घालवतो, त्याला कुठलाच रकाना नाही.

बिलाच्या फॉर्मला मात्र रकाने भरपूर. दिनांक, वर्ग, विषय, शिकवलेला घटक, वेळ, सही. त्याखाली विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग ऑफिसात भाऊसाहेबांच्या टेबलावर, तिथून जेडी, म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालकांचं, ऑफिस. मी अर्थशास्त्र शिकवते. एकदा 'घटक' या रकान्यात मी 'श्रमबाजारातील एकक्रेता मक्तेदारी' असं लिहिलं, कारण त्या दिवशी खरंच तेच शिकवलं होतं. एकच खरेदीदार असला की मजुरीचा दर तोच ठरवतो, विकणाऱ्याला 'घे नाहीतर सोड' एवढाच पर्याय उरतो. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, शब्द जरा छोटा नाही का मिळाला?"

पैसे दर महिन्याला यावेत असं शासनाचे कागद सांगतात. प्रत्यक्षात ते येतात तेव्हा येतात, दिवाळीच्या आधी आले तर घरात दोन दिवाळ्या. बँकेत कर्जाला गेलं की पगाराची स्लिप मागतात. स्लिप नसते. माझ्या मावशीला अजून वाटतं की मी कॉलेजात 'जाऊन येऊन' असते. तिचं अगदीच चुकतं असंही नाही. दोन कॉलेजं, मधे एसटीचा पाऊण तासाचा रस्ता, आणि एका ठिकाणचा शेवटचा तास दुसऱ्या ठिकाणच्या पहिल्या तासाला धक्का मारत असतो.

मला खरं बोलायचंय ते या हालांबद्दल नाही. त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येतं आणि बहुतेक खरं असतं. मला पडलेला प्रश्न असा की एवढी शिकलेली माणसं, हजारोंच्या संख्येने, एकाच पद्धतीने नाडली जात असताना वर्षानुवर्षं गप्प कशी राहतात? लोक म्हणतात, प्राध्यापक मंडळी भित्री. मला ते पटत नाही. माझ्या ओळखीचे एक सर सकाळी तास घेतात आणि दुपारी सासरच्या गोठ्यावर धारा काढतात, कोणापासून लपवत नाहीत. भित्रा माणूस असं करत नाही. आम्हाला गप्प बसवलंय ते एका वाक्याने. दर जूनमध्ये कोणीतरी ते म्हणतंच: यंदा जागा निघेल.

ही आशा अगदीच हवेतली असती तर बरं झालं असतं, माणसं कधीच वैतागून उठली असती. पण अधूनमधून जागा निघतात. मे २०१७ मध्ये भरतीवर बंदी आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० पदं भरायला मान्यता मिळाली. आरक्षणाच्या रोस्टरची तपासणी, एनओसी, जाहिराती असं करत त्यातली निम्मीही भरली नाहीत तोवर कोरोना आला आणि सगळं गोठलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा परवानगी. अशा प्रत्येक आकड्याच्या वेळी आमच्यात काय घडतं ते मी जवळून पाहिलंय. कालपर्यंत 'आता रस्त्यावर उतरल्याशिवाय पर्याय नाही' म्हणणारा माणूस अचानक एपीआयच्या, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या गुणांच्या, फाईलला लागतो. शोधनिबंधांच्या झेरॉक्स निघतात. कुठल्या संस्थेत कोणाचा माणूस आहे याची कुजबुज सुरू होते, जागेचा 'दर' काय चाललाय हेही कानावर येतं. आणि निवेदनावर सही मागायला गेलं की उत्तर मिळतं, "मॅडम, आत्ता नको. आमच्याकडे एक पोस्ट यायचीय. उगाच नाव डोळ्यावर यायला नको."

त्या एका पोस्टसाठी त्याच कॉलेजचे दोघं सीएचबीवाले, शेजारच्या कॉलेजचे चौघं आणि नुकतीच पीएचडी झालेली चाळीस मुलं-मुली अर्ज करणार असतात. ज्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचं तोच मुलाखतीच्या बाकावर आपला प्रतिस्पर्धी. संघटना उभी राहायला याहून वाईट जमीन असणार नाही.

तरी ती उभी राहते, हे विशेष. पुण्यात सेंट्रल बिल्डिंगला, उच्च शिक्षण संचालनालयाच्या दारात, नेट-सेट-पीएचडीधारक पुन्हा पुन्हा धरणं धरून बसलेत. मुंबईत आझाद मैदानावर गेलेत. तासाचा दर जो काही वाढत गेला, तीनशेच्या आतून पाचशेवर आणि मग हजाराच्या आसपास, तो कुणा सचिवाला मध्यरात्री पाझर फुटला म्हणून वाढलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला. ते पत्रक लोकांनी मोबाईलमध्ये जपून ठेवलंय. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. काम तेच, वर्ग तोच, खडूही त्याच खोक्यातला.

आमच्या भागात सुरुवात झाली ती घोषणांनी नव्हे, बेरजेने. एका रविवारी नगर वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंधरा-वीस जण जमलो. व्हॉट्सअॅपवर बोलायला लोक कचरत होते, कारण एका ग्रुपचा स्क्रीनशॉट प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोचल्याची कथा ताजी होती. आधी बराच वेळ नुसता चहा आणि हवापाण्याच्या गप्पा. मग इतिहासाच्या एका सरांनी खिशातून पासबुक काढलं आणि टेबलावर उघडं ठेवलं. "हे माझं. आता तुमचं दाखवा."

मराठी माणूस वय सांगेल, आजार सांगेल, पगार सांगणार नाही. त्यातून आमचा म्हणजे पगारही नव्हे. पण पासबुकं निघाली. आणि कळलं की एकाच शासन निर्णयाखाली, एकाच जिल्ह्यात, एकीकडे प्रात्यक्षिकांचे तास मोजलेत तर दुसरीकडे सोडून दिलेत. एकीकडे परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे पैसे मिळालेत, दुसरीकडे 'आपल्याच कॉलेजचं काम आहे' म्हणून फुकट. एका संस्थेत तर बिलातली काही रक्कम 'विकास निधी' म्हणून परत द्यावी लागत होती, रोख, पावती नाही. ज्या मॅडमनी हे सांगितलं त्यांना वाटत होतं की सगळीकडे तीच पद्धत असते. खोलीतल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना समजलं की नाही, नसते.

त्यानंतर आम्ही पहिलं जे काम केलं ते अगदी किरकोळ होतं. थकलेल्या बिलांसाठी जेडी ऑफिसला सगळे मिळून गेलो. एकेकटे आम्ही तिथे पूर्वीही जात होतो. एकेकट्याला उत्तर ठरलेलं: "तुमच्या कॉलेजकडून त्रुटीची पूर्तता आलेली नाही." सगळे मिळून गेल्यावर क्लार्कने चार कॉलेजच्या फाईली एकामागे एक काढल्या, आणि असं दिसलं की त्रुटी प्रत्येक फाईलवर एकच होती, आणि ती आमच्या कॉलेजांची नव्हतीच. वरून अनुदान आलं नव्हतं एवढंच. मग आम्ही ते लेखी मागितलं. लेखी मिळायला दुपार गेली. साहेबांनी आधी बसायला खुर्च्या नाहीत म्हणून सांगितलं, आम्ही म्हटलं उभ्याने शिकवायची सवय आहे.

बिलं पुढच्या महिन्यात निघाली. क्रांती वगैरे काही झाली नाही. पण परतीच्या एसटीत जी मजा होती ती मला त्या पैशांपेक्षा जास्त लक्षात आहे.

पुढच्या बैठकांत खरी गोची झाली, मागण्या ठरवताना. पहिली मागणी सगळ्यांच्या तोंडात: सीएचबी बंद करा, शंभर टक्के भरती करा. ऐकायला रास्तच. पण खोलीत दोन तऱ्हेची माणसं होती. तिशीतली, नवी पीएचडीवाली, त्यांना भरती हवीच. आणि पंचेचाळीशी ओलांडलेली, अर्धं आयुष्य तासांवर काढलेली. त्यांच्यातले एक सर हळूच म्हणाले, "भरती झाली की पहिला बाहेर मी." कोणी काही बोललं नाही. ते खरं होतं.

दिल्लीत नेमकं हेच घडलं. दिल्ली विद्यापीठात अॅडहॉक शिक्षकांच्या नेमणुका चार-चार महिन्यांच्या असायच्या, मधे एक दिवसाचा खंड, की झाली पुन्हा नवी नेमणूक. ऑगस्ट २०१९ च्या एका पत्राने त्यांना हटवून नुसते तासांवरचे गेस्ट शिक्षक घ्यायचं घाटत होतं, तेव्हा डिसेंबरच्या थंडीत हजारो शिक्षकांनी कुलगुरूंच्या कार्यालयालाच वेढा घातला आणि ते पत्र गुंडाळायला लावलं. लढाई जिंकली. मग २०२२ पासून कायम भरती सुरू झाली, जिची सगळे वाट बघत होते, आणि त्या मुलाखतींत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं शिकवलेले अनेक अॅडहॉक शिक्षक घरी गेले. पश्चिम बंगालने उलटा रस्ता धरला. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने अर्धवेळ, कंत्राटी आणि पाहुण्या शिक्षकांना एका नव्या वर्गात घेऊन साठ वर्षांपर्यंत नोकरीची हमी दिली. हमी मिळाली, पण कायम प्राध्यापकांच्या खालची एक कायमची पायरीही तयार झाली. दोन्हींतलं कुठलं बरं, यावर आमच्यात अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर मी बंगालच्या बाजूला झुकते. पंचेचाळीशीच्या माणसाला तत्त्वासाठी रस्त्यावर सोडणं मला जमत नाही.

यादी बदलली ती बायकांमुळे. एक प्राणिशास्त्राच्या मॅडम सातव्या महिन्यापर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबला चढत होत्या. बाळंतपण जानेवारीत. रजा नाही, कारण रजा नोकरीला असते. त्यांनी सुट्टी घेतली नाही, त्या फक्त यायच्या थांबल्या, आणि त्यांचे तास दुसऱ्या कोणाला दिले गेले. पुढच्या जुलैच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, "मागच्या सत्रात तुम्ही मधेच सोडून गेलात, असं का?" हे त्यांनी रडत वगैरे सांगितलं नाही, बाळाला मांडीवर थोपटत सांगितलं. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर खडी टाकणाऱ्या रोजंदारीच्या बायकांना मातृत्वाचे लाभ द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलेलं आहे. मस्टरवरच्या मजूर बाईला जे मिळायला हवं, ते एमएस्सी पीएचडी बाईला मागतानासुद्धा संकोच वाटत होता. तो संकोच त्या दिवशी मोडला. भरतीची मागणी यादीत राहिली, पण तिच्यावर चार गोष्टी आल्या: महिन्याच्या महिन्याला पैसे, शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत नेमणूक, परीक्षेच्या आणि नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) कामाचा मोबदला, बाळंतपणाची पगारी रजा. या चारांवर तिशीचं आणि पंचेचाळीशीचं एकमत झालं. आपल्याला एकमेकांविरुद्ध उभं न करणारी मागणी कोणती, हे शोधायला आम्हाला फार वेळ लागला.

संकोचाची मुळं खोल आहेत आणि त्यांना कायद्याचं पाणी मिळालेलं आहे. गोव्यात करंझाळ्याच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ मध्ये कामावरून काढलं. त्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९८८ मध्ये निकाल आला की शिक्षक हा त्या कायद्यातला कामगार नव्हे, कारण शिकवणं हे एक उदात्त व्रत आहे. ए. सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार. उदात्त ठरल्यामुळे त्या कायद्याचं दार बंद. गुजरातेत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतले कंत्राटी सहायक प्राध्यापक वर्षानुवर्षं महिना तीस हजारांवर शिकवत होते, शेजारच्या टेबलावरच्या कायम सहकाऱ्याला लाखाच्या वर. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितली आणि वर सुनावलं की सार्वजनिक समारंभांत नुसतं 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' म्हणत राहणं पुरेसं नाही. तो निकाल आला त्या दिवशी आमच्या ग्रुपवर जी गर्दी उसळली, तेवढी कुठल्या मॅचलाही उसळली नव्हती. गुरुपौर्णिमेला आमचं जे होतं ते पोळ्याच्या बैलासारखं आहे: एक दिवस झूल, पुरणपोळी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा औत. माझ्या मुलांनी यंदा मला गुलाब दिला. मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती स्टाफरूममधल्या शांततेबद्दल. कायम प्राध्यापकांची संघटना आपल्याकडे चांगली तगडी आहे. २०१३ साली या संघटनेने, म्हणजे एम्फुक्टोने, फेब्रुवारीपासून मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता आणि सगळी विद्यापीठं हलली होती. त्यांच्या मागणीपत्रांत रिक्त जागा आणि सीएचबीचा मुद्दा असतो, नाही असं नाही. पण मागणीपत्रात असणं वेगळं आणि मंगळवारी दुपारी दोन वाजता आमच्यासाठी कोणी वर्ग सोडणं वेगळं. न्यूयॉर्कच्या द न्यू स्कूलमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये अर्धवेळ शिक्षक तीन आठवड्यांहून जास्त संपावर होते आणि वर्गाबाहेरच्या कामाचेही पैसे मिळवून परत आले. तिथे शिकवणाऱ्यांत बहुसंख्य तेच होते, त्यांच्याशिवाय विद्यापीठ चालूच शकत नव्हतं. आमच्याकडे तासांवर बहिष्कार टाकला तर पैसे आमचेच जातात, प्राचार्य टाइमटेबल दुमडून दोन तुकड्या एकत्र बसवतात आणि आठवड्याने बाहेर नवी जाहिरात लागते.

एकच जागा आहे जिथे आमचा हात लागतो: उत्तरपत्रिका. कॅप सेंटरवर जाऊन बघा, तपासायला बसलेल्यांत सीएचबीवाले किती आहेत. प्रत्येक सत्राला निकाल वेळेवर लागतो त्यात त्यांच्या मानेचा आणि डोळ्यांचा मोठा वाटा आहे. म्हणून पुढच्या बैठकीत विषय ठेवलाय तो हाच, एप्रिलच्या तपासणीवर बहिष्कार टाकायचा का. मी बाजूने बोलणार आहे. पण एका अटीवर. आम्ही नाकारलेले गठ्ठे आम्ही उचलणार नाही, असं कायम प्राध्यापकांनी आधी सही करून द्यायला हवं. ते नसेल तर आमचा बहिष्कार दोन दिवसांत त्यांच्याच हातून मोडेल, आणि जुलैत आमची नावं मुलाखतीच्या यादीत नसतील.

सहीसाठी पहिल्यांदा मी आमच्या विभागप्रमुखांकडे जाणार आहे. सरांनी स्वतः नव्वदीच्या दशकात काही वर्षं तासांवर काढलीत. तेव्हाचे दर ते हसत सांगतात, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. त्यांची जागा रिकामी होईल तेव्हा तिच्यासाठी अर्ज करणाऱ्यांत मी असेन, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. तरी सोमवारी तिसऱ्या तासानंतर ते मोकळे असतात, कागद तयार आहे, आणि त्यावर पहिली सही मी माझीच केलीय.